परदेशी जाणाऱ्या निवृत्तांची निरवानिरव : चाकूर परिसराच्या संदर्भात कागदपत्रे व विमा यांचा विचार

दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वी घरदार, देणेघेणे आणि शेतीभाती यांची जी व्यवस्था माणूस लावून ठेवतो, तिला मराठीत ‘निरवानिरव’ असा एक समर्पक शब्द आहे. पूर्वी काशीयात्रेस निघणारा गृहस्थ ती करीत असे, आणि परत येण्याची शाश्वती नसल्यामुळे ती संपूर्ण करीत असे. आज आपल्या भागातून परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे राहावयास जाणारे निवृत्त शिक्षक, कारकून, अभियंते अशी मंडळी आढळू लागली आहेत. त्यांची निरवानिरव मात्र बहुधा अर्धवट राहते. घरातून बाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची आपली रीत आहे. व्यवहारात ती सुंदरच आहे. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र तीच नडते. माणूस गेलेला असतो आणि त्याचे कागद ‘येतो’ असे म्हणत मागे राहिलेले असतात.

लातूर-नांदेड मार्गावरील चाकूर हे तालुक्याचे ठिकाण. सोयाबीन व तूर पिकविणारा हा मुलूख. गेल्या काही दशकांत ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अध्यापनपद्धतीतून या परिसरातील पुष्कळ मुले अभियांत्रिकी व वैद्यकाच्या शिक्षणास गेली, आणि त्यांपैकी काही पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झाली. आता त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न उभा राहिला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी आपण एका दांपत्याची कल्पना करू. पती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, जन्म सन १९५५ च्या सुमाराचा, पत्नी गृहिणी, गावाकडे सहा एकर कोरडवाहू जमीन, एकुलता मुलगा अमेरिकेचा नागरिक. दांपत्य कल्पित आहे, त्यांच्या अडचणी कल्पित नाहीत.

या अडचणींचे मूळ एकाच गोष्टीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गावात माणसाची ओळख, त्याचा अधिकार आणि त्याची सुरक्षितता ही तिन्ही त्याच्या हजेरीने सिद्ध होत असतात. बँकेतील कारकून गुरुजींना चेहऱ्याने ओळखतो, तलाठ्यास त्यांचा बांध ठाऊक असतो, आजारपणात शेजारी मोटार काढून लातूरला नेतो. हजेरी संपली की या प्रत्येकाची जागा कागदाला घ्यावी लागते. आणि आजपर्यंत ज्याची गरजच पडली नाही तो कागद बहुधा सदोष असतो. शिवाय हे कागद निरनिराळ्या कचेऱ्यांनी, निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी केलेले असतात. ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहण्याचा प्रसंग आयुष्यात प्रथमच येतो, आणि तोही परक्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर.

पहिला प्रश्न जन्माचा. जन्ममृत्यू नोंदणीचा अखिल भारतीय कायदा सन १९६९ चा असून त्याचा अंमल १ एप्रिल १९७० पासून सुरू झाला. तत्पूर्वी गावोगाव नोंदवह्या असत; पण त्यांत पुष्कळदा मुलाचे नाव नसून ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढीच नोंद असे. आमच्या मुख्याध्यापकांची जन्मतारीख म्हणून जी तारीख सर्वत्र चालत आली ती शाळेने दिलेली. शाळा जूनमध्ये उघडत असे आणि प्रवेशास वयाची अट असे. म्हणून गुरुजींनी मूल पाहून वर्ष ठरवावे आणि तारीख १ जून घालावी, असा सररास प्रघात होता. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला राज्य शासनाचा कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे या दिवशी आपल्याकडे निरोपसमारंभांची जी दाटी होते तिचे कारण याच प्रघातात सापडते. आई मात्र ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास’ असे सांगत आलेली असते. दोन्ही गोष्टी गावात सुखाने नांदतात. स्थलांतराच्या अर्जात त्यांतील एकच नांदू शकते.

येथे अनेक जण एक चूक करतात. जन्मदाखला नाही म्हणून घाईने विलंबित नोंद करून नवा दाखला मिळवितात. या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. सन २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला, आणि सन २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विलंबित नोंदींची छाननी बरीच कडक केली. साठ-सत्तर वर्षांनंतर निघालेल्या दाखल्याकडे परकीय अधिकारी साशंकतेने पाहतो, हे स्वाभाविक होय. वस्तुतः १ एप्रिल १९७० पूर्वी भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत सर्वत्र नोंदी उपलब्ध नाहीत, ही गोष्ट अमेरिकी शासनाने आपल्या सूचनांतच मान्य केली आहे. अशा व्यक्तीने शाळा सोडल्याचा दाखला किंवा मंडळाचे प्रमाणपत्र, आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या आप्ताचे प्रतिज्ञापत्र असा दुय्यम पुरावा द्यावयाचा असतो. नगर पंचायतीकडून किंवा ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यावा आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढावा, हा मार्ग अधिक सरळ व अधिक खरा आहे. नव्या दाखल्यावर आईने सांगितलेली तारीख आली आणि सेवापुस्तकात १ जून राहिली, तर एका अडचणीच्या दोन झाल्या.

जन्मस्थळाची गोष्ट तर आमच्या भागापुरती विशेषच आहे. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निराळा झाला. आणि ज्या जिल्ह्यातून तो निघाला त्याचे नाव सन २०२३ मध्ये धाराशिव झाले. आज चाकूर तालुक्यात मोडणारी बरीच गावे त्या काळी अहमदपूर तालुक्याची होती. म्हणजे सन १९५५ मध्ये तेथे जन्मलेल्या मनुष्याने एकदाही घर न बदलता तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले, आणि त्याचा मूळ जिल्हा आज कर्नाटकात आहे. एका कागदावर बीदर, दुसऱ्यावर उस्मानाबाद, पारपत्रावर लातूर : तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. परंतु त्या खऱ्या कशा, याचे एक पानभर निवेदन त्या त्या अधिसूचनांच्या उल्लेखासह अर्जास जोडले नाही तर वाचणाऱ्यास त्या खोट्या वाटतील. इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या आईवडिलांसाठी करावयाचे हे काम आहे. त्याला वकील लागत नाही. जमिनीचे जुने कागद काढण्याचा प्रसंग आला तर ते उर्दूत आणि फसली सनात सापडतील. फसली सनात ५९० मिळविले असता त्या वर्षाचा इसवी प्रारंभ मिळतो, एवढे ध्यानात ठेवावे आणि भाषांतर प्रमाणित करून घ्यावे.

पत्नीचे कागद पतीच्या कागदांहून अधिक अवघड असतात आणि त्यांचा विचार मात्र नेहमी मागाहून होतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, लग्नात बदललेले पाळण्यातले नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आधारपत्रावर रोमन लिपीतील तिसरेच रूप, अशी एकाच बाईची तीन-चार नावे असतात. विवाहाची नोंद तर केलेलीच नसते. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा सध्याचा कायदा सन १९९८ चा आहे, आणि जुन्या विवाहाचीही त्याखाली उशिरा नोंद करता येते. लग्नपत्रिका, छायाचित्र, साक्षीदार एवढ्यावर हे काम होते. नावातील बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा आणि मग एकामागून एक सर्व कागद त्या एका नावावर आणावेत. या खटाटोपाचा संबंध परदेशगमनाशीच आहे असे नाही. पती आधी गेले तर कुटुंबनिवृत्तिवेतन मागावयाचे ते याच बाईने, आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशावर तिचे जे नाव आहे त्याच नावाने. परगावी राहून ती चूक दुरुस्त करणे ज्यांच्या वाट्यास आले त्यांनाच त्यातील क्लेश माहीत.

निवृत्तिवेतन स्वतः परदेशगमनाने बंद होत नाही. बंद होते ते हयातीच्या दाखल्याअभावी. दर नोव्हेंबरमध्ये तो द्यावा लागतो. परदेशस्थ व्यक्तीला भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याकडून, किंवा तेथील नोटरीकडून वा बँकेच्या अधिकाऱ्याकडून, सही घेऊन तो पाठविता येतो. ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय पद्धत नोव्हेंबर २०१४ मध्ये आली आणि सन २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीवरही दाखला निघू लागला. आपले वेतन ज्या कोषागाराकडून किंवा कचेरीकडून येते ती यांपैकी कोणती रीत मान्य करते, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून ठेवणे श्रेयस्कर. पहिला नोव्हेंबर येथे असतानाच एकदा नव्या रीतीने दाखला देऊन पाहावा. चूक निघाली तर कचेरी पायी जाण्याच्या अंतरावर असते.

बँकेच्या बाबतीत ‘येतो’ म्हणणे कायद्याच्या विरुद्ध जाते. परकीय चलन व्यवस्थापनाच्या सन १९९९ च्या कायद्याप्रमाणे जो मनुष्य अनिश्चित काळ परदेशी राहण्याच्या उद्देशाने देश सोडतो तो अनिवासी होतो. त्याने आपले साधे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात रूपांतरित करावयाचे असते. निवृत्तिवेतन, बटईचे पैसे, ठेवीवरील व्याज हे सर्व त्या खात्यात जमा होऊ शकते आणि एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतची रक्कम ठरलेली कागदपत्रे देऊन बाहेर नेता येते. आमच्या दांपत्याचा प्रश्न अर्थात दहा लाख डॉलरचा नाही. त्यांचा प्रश्न भ्रमणध्वनीच्या क्रमांकाचा आहे. बँक, आधार, निवृत्तिवेतन आणि विमा ही चारही दारे आज एकाच क्रमांकावर येणाऱ्या सांकेतिक आकड्याने उघडतात. तो क्रमांक मुलाच्या जुन्या मित्राच्या नावावर घेतलेला असणे, किंवा पैसे न भरल्यामुळे बंद पडून दुसऱ्यास दिला जाणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने सर्व दारे एकदम मिटतात.

शेतीविषयी दोन गोष्टी विस्ताराने सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आहेत. अनिवासी झालेल्या मनुष्याला भारतात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पण निवासी असताना मिळविलेली किंवा वारशाने आलेली जमीन तो ठेवू शकतो. मुलाच्या बाबतीत भेद आणखी सूक्ष्म आहे. मुलाने परकीय नागरिकत्व घेतले असेल, मग त्याच्याकडे सन २००५ पासून मिळणारे परदेशस्थ भारतीय नागरिक हे ओळखपत्र असले तरीही, त्याला शेतजमीन बक्षीसपत्राने देता येत नाही. वारशाने मात्र ती त्याच्याकडे जाऊ शकते. ‘आमच्या डोळ्यांदेखत मुलाच्या नावावर करून टाकू’ हा जो स्वाभाविक विचार आईवडील करतात तो येथे निष्फळ ठरतो आणि मृत्युपत्राचे महत्त्व एकदम वाढते. मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण परदेशी जाणाऱ्याने ती करावी. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

दुसरी गोष्ट कुलमुखत्यारपत्राची. जमीन बटईने लावणे, ई-पीक पाहणी नोंदविणे, पीकविम्याचा अर्ज करणे, बांधाच्या तक्रारीत तहसीलदारासमोर उभे राहणे, यांसाठी कोणास तरी अधिकार द्यावा लागतो. सन २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून शेतात उभे राहून करावयाची असल्यामुळे ही गरज अधिकच वाढली आहे. हे पत्र निघण्यापूर्वी येथील दुय्यम निबंधकासमोर करणे सर्वांत सोपे. तेथे गेल्यावर करावयाचे झाल्यास भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर सही करावी लागते, नोटरीच्या सहीवर ‘अपॉस्टिल’ या आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का घ्यावा लागतो (भारत त्या करारात सन २००५ मध्ये सामील झाला), आणि तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते. अधिकार देताना ते मोजके द्यावेत. शेत लावण्याचा व दाव्यात हजर राहण्याचा अधिकार आणि शेत विकण्याचा अधिकार हे एकाच वाक्यात लिहून देण्याचे काहीच कारण नाही. बटईचा करार लेखी व मुदतीचा असावा. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा सन १९५० चा असून तो मराठवाड्यात लागू आहे, आणि गैरहजर मालक व कसणारा यांच्यातील वादांना आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

परंतु कुलमुखत्यारपत्राची खरी मर्यादा निराळीच आहे आणि ती फारशी कोणास माहीत नसते. सन १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली म्हणजे त्याने दिलेला अधिकार संपुष्टात येतो. मृत्यूचे समजते. पण वार्धक्यात स्मृती ढळू लागली, म्हणजे ज्या अवस्थेसाठी म्हणून हा कागद करून ठेवावयाचा, नेमक्या त्याच अवस्थेत तो निर्जीव होतो. अमेरिकेत अशा अवस्थेतही टिकणारे अधिकारपत्र करता येते. ते तेथील संपत्तीस व तेथील रुग्णालयास उपयोगी पडेल, चाकूरच्या सातबाऱ्यास नाही. म्हणून जे व्यवहार पुढेमागे करावयाचेच आहेत, भावाशी वाटणी, फेरफारातील मृत आजोबांचे नाव कमी करणे, वडिलांच्या वारसांत बहिणींची नावे लावणे, ते मुखत्यारावर न सोपविता स्वतः, शुद्धीत आणि हजेरीत पुरे करून मगच निघावे. यास वर्ष-दोन वर्षे लागतात असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि म्हणूनच स्थलांतराचा अर्ज गेल्याबरोबर, निकालाची वाट न पाहता, या कामास प्रारंभ करावयाचा असतो.

आता विम्याकडे वळू. वैद्यकीय विमा हा स्थळाशी आणि सातत्याशी बांधलेला करार आहे. स्थळ बदलले की संरक्षण संपते. सातत्य तुटले की जे मिळविले ते पुन्हा शून्यापासून मिळवावे लागते. आपल्याकडील सामान्य आरोग्यविमा भारतातील उपचारापुरता असतो. सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारी आयुष्मान योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तीही येथील रुग्णालयांपुरतीच. विमान उतरले की या दोहोंचा उपयोग संपतो.

अमेरिकेत पोहोचल्यावर काय? एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास आपल्या आईवडिलांसाठी कायम निवासाचा अर्ज करता येतो आणि त्या वर्गास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्या वेळी मुलाने निर्वाहाची जी हमी लिहून द्यावयाची असते ती केवळ उपचार नसून कायद्याने बंधनकारक असते. वृद्धांसाठी तेथे ‘मेडिकेअर’ नावाची सार्वजनिक योजना आहे, आणि पासष्टी ओलांडली की ती मिळते असा आपल्याकडे समज आहे. तिचा रुग्णालयीन भाग विनामूल्य मिळतो तो, स्वतः किंवा पतिपत्नींपैकी एकाने, तेथे सुमारे दहा वर्षे कर भरून नोकरी केलेल्यांना. कायम निवासी म्हणून आलेल्या इतर वृद्धांना सलग पाच वर्षे राहिल्यानंतर ती विकत घेता येते. सन २०२५ मध्ये तिचा रुग्णालयीन भाग दरमहा ५१८ डॉलर आणि वैद्यांच्या भेटीचा भाग दरमहा १८५ डॉलर असा होता, एकूण ७०३. डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर एका माणसाचे दरमहा सुमारे साठ हजार रुपये झाले आणि आमचे दांपत्य दोघांचे आहे. या आकड्यापुढे आपले निवृत्तिवेतन मांडून पाहावे. पाच वर्षे भरल्यावर जो पहिला काळ मिळतो त्यात नाव घातले नाही, तर वैद्यकीय भागाच्या हप्त्यात उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षास शेकडा दहा प्रमाणे कायमची वाढ होते.

राहिली मधली पाच वर्षे. हा काळ खरा धोक्याचा. पर्यटकांसाठी विकला जाणारा विमा स्वस्त असतो, म्हणून मुले तोच घेतात. पण आधीपासून असलेल्या व्याधी तो सामान्यतः वगळतो आणि सत्तरीच्या माणसास आधीपासून नसलेली व्याधी कोणती? मधुमेह, रक्तदाब, हृदयाची नळी : ज्यासाठी रुग्णालयात जावे लागेल ते सर्व वगळलेले. याउलट सन २०१० च्या तेथील आरोग्यकायद्याखालील विमा पूर्वीच्या व्याधीवरून नाकारता येत नाही किंवा तेवढ्यावरून महागही करता येत नाही. कायम निवासी म्हणून येणाऱ्यास पोहोचल्यापासून साठ दिवसांत त्यात नाव घालता येते. ते दिवस गेले की वार्षिक नोंदणीच्या काळाची वाट पाहावी लागते. पुष्कळ घरांत हे साठ दिवस पाहुणचारात, नातवंडांच्या कौतुकात आणि ‘पाहू नंतर’ म्हणण्यात जातात. शिवाय अल्प उत्पन्नाच्या नवागतांना हप्त्यात जी केंद्रीय सवलत मिळे ती सन २०२५ च्या कायद्याने सन २०२६ पासून काढून घेण्यात आली आहे. तेव्हा आधी गेलेल्या शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबून हिशेब करणे आता सुरक्षित नाही.

इतर देशांची व्यवस्था भिन्न आहे, आणि भिन्नतेतच शिकण्यासारखे आहे. कॅनडा आईवडिलांना दीर्घ मुदतीचा प्रवेशपरवाना देतो, एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहू देतो आणि त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा विमा ही अटच घालतो. म्हणजे तेथे विसरण्यास वाव ठेवलेला नाही. ऑस्ट्रेलियात मोठी रक्कम भरून मिळणाऱ्या कायम परवान्यावर आलेल्या आईवडिलांना तेथील सार्वजनिक वैद्यकीय योजना लागू होते. पण त्या परवान्याची प्रतीक्षाच दशकाहून दीर्घ झाली आहे आणि रक्कम न भरणाऱ्यांच्या वर्गातील प्रतीक्षा तर तीस वर्षांच्या घरात आहे. तीस वर्षे वाट पाहण्यास सांगणे हा वृद्धांना नकार देण्याचाच एक सभ्य प्रकार होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मग येथील आरोग्यविमा सोडून द्यावा काय? ‘आता येथे राहावयाचे नाही, हप्ता कशाला’ असा विचार करून तो बंद करणारे पुष्कळ. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. नियामक प्राधिकरणाने सन २०२४ मध्ये पूर्वव्याधींसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, आणि पाच वर्षे सतत चालू राहिलेल्या करारावर, लबाडी सोडून इतर कारणांनी, माहिती दडविल्याचा आक्षेप घेता येणार नाही असे ठरविले. ही दोन्ही संरक्षणे सातत्याची फळे आहेत. वार्षिक हप्त्याची मुदत टळून वाढीव तीस दिवसही गेले की ती गळून पडतात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तेथील हवा न मानवल्यामुळे किंवा पत्नीच्या निधनानंतर, मनुष्य परत येतो तेव्हा त्याला नव्याने प्रतीक्षेत उभे राहावे लागते. तिकडील मेडिकेअरही सामान्यतः त्या देशाबाहेर पैसे देत नाही. म्हणजे हिवाळ्यात दोन महिने चाकूरला आले आणि आजारी पडले तरी येथील विमाच उपयोगी. दोन्ही देशांत संरक्षण हवे असेल तर दोन हप्ते भरावे लागतील, हे कटू असले तरी खरे आहे. आयुर्विम्याची गोष्ट सोपी : तो कोठेही असलात तरी चालतो. मात्र त्यातील नामनिर्देशन, पत्ता आणि बँकखाते तपासावे. पत्नीचे नाव तेथे पुन्हा वेगळ्याच रूपात आढळण्याचा संभव आहे.

कित्येक जण या सर्वांवर तोड म्हणून सहा महिने येथे, सहा महिने तेथे असा बेत करतात. पाहुणे म्हणून प्रवेशपरवान्यावर असे करणे शक्य व पुष्कळदा शहाणपणाचे आहे. तो मनुष्य भारताचा निवासीच राहतो आणि वरील बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत. कायम निवासाचे पत्र घेऊन तसे राहणे मात्र घातक. सहा महिन्यांहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास प्रश्न विचारले जातात. पूर्वपरवानगीशिवाय एक वर्ष बाहेर राहिल्यास ते पत्र परत येण्यास चालत नाही. आणि मेडिकेअरसाठी लागणारी सलग पाच वर्षेही मोडतात. उलट करांच्या दृष्टीने तो मनुष्य तेथील रहिवासीच धरला जाऊन त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर तेथे विवरण द्यावे लागते, आणि परदेशातील खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरहून अधिक झाली असल्यास ती खाती कळवावी लागतात. चाकूरमधील निवृत्तिवेतनाचे खाते आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेची ठेव मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दोन्ही देशांचे बोजे आणि कोणत्याच देशाचे पूर्ण संरक्षण नाही, अशी ही अवस्था आहे. तेव्हा पाहुणे म्हणून जावयाचे की रहिवासी म्हणून, हा निर्णय कोणत्याही कागदास हात लावण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून घ्यावा.

निर्णय झाला की कामांचा क्रम कसा लावावा? जे काम पुढे ढकलले असता मागाहून होणारच नाही ते आधी, हीच कसोटी धरावी. बँकेचे रूपांतर शेवटच्या आठवड्यातही होते. निवृत्तिवेतनाचे पत्र तेथूनही पाठविता येते. जन्माची साक्ष मात्र तशी नाही. आमच्या मुख्याध्यापकांचा जन्म प्रत्यक्ष पाहिलेली त्यांची थोरली आत्या आज नव्वदीच्या आसपास असेल. तिला वार व सण आठवतात, सन आठवत नाही. तिच्याकडे कागद घेऊन जावयाचे ते पोळ्याची वाट न पाहता, या महिन्यात. आणि ती अंगठा उठविणार असेल तर मजकूर तिला मराठीत वाचून दाखविल्याचे नोटरीने त्यावर लिहिले आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावयाचे.